वाढवलेल्या बांगड्या

आमचे हे सिनेमात मरायची कामं करायचे.

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा हे पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत पगारी नट होते. नट म्हटलं की लोकांना राजा नाहीतर गाणी म्हणणारा हिरो डोळ्यांपुढे येतो. यांच्या वाट्याला तसं काम कधी आलं नाही. लढाईत पहिल्या बाणाला पडणारा शिपाई, तापाने जाणारा थोरला भाऊ, दरोडेखोरांनी आडरानात गाठलेला पाटील, अशी यांची कामं. आधी चार वाक्यं बोलायची आणि मग मरायचं. पण मरायचे फार छान. दुसरे नट मेले की त्यांचं पोट वरखाली होतं, पापणी लवते. यांचं काही म्हणता काही हलत नसे.

त्याचा सराव हे घरीच करायचे. आमची एकच खोली. मी चुलीपुढे भाकरी थापत असले की मागे चटईवर हे मरून पडलेले असायचे. कळशी दाराजवळ. पाणी आणायला जायचं तर नवऱ्याला ओलांडायचं कसं, म्हणून मी भिंतीला अंग चोरून जायची. पहिल्यांदा यांना तसं पाहिलं तेव्हा मी घाबरून रडायला लागले होते. हे उठून बसले आणि खूश होऊन म्हणाले, "तुला कळलं नाही ना? मग थेटरातल्या लोकांना काय कळणार?"

यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, इथेही लिहीत नाही. मग बाकीच्यांची तरी कशाला लिहायची.

माझं माहेर कऱ्हाडकडचं. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. मला माणसांत बोलता येत नाही. समोरून कुणी आलं की मी पदर सारखा करते आणि काय बोलायचं ते विसरून जाते. चिंचवड तेव्हा गावच होतं. देऊळ, नदी, घाट, आणि गावाबाहेर पडलं की ज्वारीची रानं. पिंपरीला सिंधमधून आलेल्या लोकांचा कॅम्प होता आणि त्याच्या पलीकडे सरकारी औषधांचा कारखाना उभा राहत होता. हे सकाळच्या गाडीने पुण्याला जायचे. काम लांबलं की तिकडेच राहायचे, कधी कधी आठ-आठ दिवस. तेव्हा माझा आवाज मला फक्त देवापुढे ऐकू यायचा.

गल्लीत मला "सिनेमावाल्याची बायको" म्हणायचे. मी विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं आणि मी हंडा उचलला की पुन्हा सुरू व्हायचं. कुणी वाईट बोललं नाही. पण सिनेमातल्या माणसांच्या घरी कोण कोण येत असेल, काय काय चालत असेल, असं त्यांच्या मनात असावं. पहिलं वर्षभर मला कुणी कशाला बोलावलं नाही. संक्रांत गेली. चैत्रातली हळदीकुंकवं चालू झाली तेव्हा मी संध्याकाळी दार लोटून घेत असे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या बायका दिसायला नकोत.

आमची घरमालकीण म्हणजे आक्का. माहेर पुनावळ्याचं, शेतकरी घरातली, आवाज मोठा. तिने एका दुपारी दारातूनच हाक मारली.

"ए पोरी, संध्याकाळी कुकवाला ये गं आमच्यात."

मी नुसती बघत राहिले.

"काय झालं? येत न्हाईस का? का सिनेमात जायचं हाय?"

"येते की."

"आन् तुझा नवरा हाय कुठं? मेला का जित्ता हाय या वक्ताला?" असं म्हणून स्वतःच हसली. तिला यांच्या कामांची गंमत वाटायची.

मी गेले. ओळीने बायका बसल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांनी ओटी. आक्काने माझ्या हातांना हळद लावली, कपाळाला कुंकू लावलं. यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात माझ्या अंगाला लागून किती काळ गेला होता ते मला तेव्हा जाणवलं. आणि माझ्यासारखीला हळदीकुंकवाची एक सोय असते, तिथे बोलावं लागत नाही. बसायचं, कपाळ पुढे करायचं, ओटी घ्यायची. बाकीच्या बोलतात ते ऐकायचं. त्यानंतर मला सगळीकडे बोलावणं येऊ लागलं. चैत्र, श्रावणातले शुक्रवार, संक्रांत. माझ्या वर्षात सणवार म्हणजे ते. बाकीचे दिवस त्यांच्या मधले.

मग यांची कंपनी बंद पडली. नट मोकळे झाले. कुणी मुंबईला गेले, कुणी कोल्हापूरला. हे मात्र म्हणाले, "आता दुसऱ्याच्या सांगण्यावरून मरायचं नाही." दोन मित्रांना धरून यांनी स्वतःचा सिनेमा काढायला घेतला. गोष्ट यांचीच. गावाजवळ कारखाना निघतो, शेतकरी तिथे कामाला लागतो आणि अपघातात जातो. मागे त्याची बायको जमीन विकायला नकार देते. डायरेक्टर हे, आणि अपघातात जाणारा नवराही हेच. "एका नटाचा खर्च वाचला," मित्र म्हणाले. "आणि मरणारा माझ्याइतका चांगला मिळायचाही नाही," हे म्हणाले.

शूटिंग सगळं आमच्याच भागात झालं. शेत पुनावळ्याचं. देहूला इंद्रायणीवर एक दिवस. आणि नवऱ्याचं शेवटचं चित्र आमच्या चिंचवडच्या घाटावर. मी रोज दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या आणि चहा घेऊन जायची. झाडाखाली डबे ठेवायचे आणि मागे उभं राहायचं, एवढंच माझं काम.

सिनेमात लागणाऱ्या बाजा, भांडी, लुगडी, हे सामान कॅम्पातला एक सिंधी दुकानदार भाड्याने पुरवायचा. मोठा भला माणूस. नुकताच मराठी शिकला होता आणि हिंदी मिसळून बोलायचा. यांनी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "उद्या घाटावर बांगड्या वाढवायच्या आहेत. हिरव्या, काचेच्या. जास्तीच्या आणून ठेवा."

आमच्यात सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. हे डायरेक्टर झाले तरी आईच्या हाताखाली वाढलेले, यांच्या तोंडात तोच शब्द. दुकानदाराने मात्र तो सरळ घेतला. दुसऱ्या दिवशी हे तिरडीजवळ कॅमेऱ्याची जागा बघत होते तेवढ्यात त्याने नटीला पायरीवर बसवलं आणि तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या चढवल्या. नवरीसारखी सजवली. हे वळून बघतात तर नवरा तिरडीवर निघायची वेळ आणि बायकोचे हात भरलेले.

"अहो, हे काय केलंत?"

"साहेब, तुम्ही बोलले वाढवायचे. मी वाढवले. अजून पाहिजे तर अजून पण आहे." त्याने खोकं उघडून दाखवलं.

सगळे हसले. कॅमेरावाला तर खाली बसला. हसता हसता कुणीतरी त्या भल्या माणसाला समजावून सांगितलं की वाढवायच्या म्हणजे दगडावर आपटून फोडायच्या. नटीची आई तिथेच सावलीत पान लावत बसली होती. लेकीबरोबर ती रोज यायची. तिने पान खाली ठेवलं.

"कुणाच्या हातातल्या?" तिने विचारलं.

तिला त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझ्या लेकीच्या? तिचं लग्न ठरतंय. पांढरं लुगडं नेसेल, कपाळ पुसेल, हंबरडा फोडेल. बांगडीला हात लावायचा नाही."

"बाई, सिनेमातलं आहे सगळं," हे म्हणाले. "कपाळ पुसणं चालतं आणि..."

"कुंकू तुम्ही लावलेलं, तुमच्या डबीतलं. बांगडी तिच्या हातात आहे. दगडावर आपटल्यावर ती सिनेमात फुटते का हातात फुटते?"

मला तिचं पटलं होतं.

कॅमेरा त्याच दिवसापुरता भाड्याचा होता. बराच वेळ हे मित्रांशी बोलत राहिले. मग कॅमेरावाला म्हणाला, चेहरा नंतर घेऊ, आत्ता फक्त हात लागतील, हात कुणाचेही चालतील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या माणसांत सवाष्ण हातांची मी एकटीच होते.

हे माझ्याजवळ आले. डब्यांपाशी खाली बसले.

"जरा येतेस का?"

मी मान खाली घातली.

"तुझा चेहरा दिसणार नाही. कुणाला कळणार नाही."

घाटावर गावातल्या बायका धुणं घेऊन आल्या होत्या आणि धुणं सोडून पायऱ्यांवर बसून बघत होत्या. आक्काही होती. कुणाला कळणार नाही हे कसं म्हणायचं? मी एवढंच म्हटलं, "तिथे तुम्ही असणार ना? झोपलेले?"

"मीच असणार."

"मग कसं हो?"

"हे झालं नाही तर माझा सिनेमा होत नाही," हे म्हणाले. "पुन्हा कुणाच्या तरी पहिल्या बाणाला पडायला जावं लागेल."

हे माझ्याकडे कधी काही मागत नसत. मी उठले.

हे तिरडीवर आडवे झाले. छातीवर पांढरी चादर. मी शेजारी गुडघ्यांवर बसले. कॅमेरा माझ्या खांद्यावरून यांची छाती आणि माझे हात बघत होता. आवाज नंतर भरणार होते, त्यामुळे बोललं तरी चालत होतं. पण आता डायरेक्टरच मेलेला. सांगणार कोण? हे डोळे मिटून, ओठ न हलवता पुटपुटले, "कर."

माझ्या हातांत माझ्याच रोजच्या बांगड्या होत्या. मी पायरीच्या कडेवर हात टेकवले. आपटवेनात. नुसती किणकिण झाली.

"जोरात," तिरडीवरून आवाज आला.

मी पुन्हा आपटले. एक बांगडी चिरली.

"आणखी जोरात. थांबू नकोस."

त्यानंतर यांचा आवाज आला नाही. छाती हलायची थांबली होती. घरी मी हजारदा पाहिलेलं. पण घरी चूल पेटलेली असते, भाकरी तव्यावर असते. इथे खाली नदी आणि खरोखरची तिरडी. मला एकदम काही सुचेना. मी हात आपटत सुटले. काचा उडाल्या. मनगटाला काच लागली आणि रक्त आलं. मी म्हटलं, "अहो." मग पुन्हा म्हटलं, "अहो, उठा आता."

हे उठले नाहीत. पापणीसुद्धा लवली नाही.

कॅमेरावाल्याने कट म्हटलं तेव्हा हे उठून बसले आणि आधी त्याच्याकडे वळून विचारलं, "मिळालं?"

"एक नंबर," तो म्हणाला.

मग यांनी माझा हात पाहिला, रुमाल काढून बांधला. "तू उठा म्हणालीस ते मला ऐकू आलं," हे म्हणाले. "पण उठलो असतो तर सगळं वाया गेलं असतं."

खोक्यातल्या बांगड्या नटीच्या मापाच्या. माझा हात कामाचा, रुंद. दुकानदाराने एक एक करून बघितली, एकही शिरेना. मी दोन्ही हात पदरात घेतले आणि तशीच घरी निघाले. पायऱ्यांवरच्या बायकांनी मला वाट करून दिली. नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठी वाट. कासाराने दुसऱ्या दिवशी येऊन हात भरले. मी त्याला नमस्कार केला. त्याने काही विचारलं नाही, त्यालाही कळलं असणार.

त्या चैत्रात मला कुणाचं बोलावणं आलं नाही. आधी वाटलं, विसरल्या असतील. मग विहिरीवर मागून एकदा कानावर आलं, "जित्या नवऱ्यावर बांगड्या फोडल्या हिनं." वाढवल्या असंही कुणी म्हणालं नाही. मी आक्काला भाडं द्यायला जायची तर ती बोलायची, हसायची, वांगी द्यायची. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती माझ्या दारावरून पुढे जाऊन पलीकडच्या दाराला हाक मारायची. मला राग नाही आला. तिला दोन सुना होत्या, लेकी होत्या. माझ्या कपाळाला लावलेल्या बोटाने ती मग त्यांना कुंकू कसं लावणार होती?

यांना मी हे सांगितलं नाही. हे घरी नव्हतेच.

सिनेमा पुण्यात लागला. फार दिवस चालला नाही, पण ज्यांनी पाहिला त्यांनी त्या घाटावरच्या चित्राचं नाव काढलं. पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की नटीने नुसत्या हातांनी सगळं दुःख सांगितलं. हे वाचून दाखवताना हसत होते. मीही हसले. तेवढ्यावरून यांना कोल्हापूरच्या एकांचं बोलावणं आलं, डायरेक्टर म्हणूनच. त्यानंतर यांनी नटाचं काम केलं नाही. नट होते तेव्हा निदान मरायला तरी घरी यायचे. डायरेक्टर झाल्यावर चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली.

पुढे तो सिनेमा चाकणला तंबूत आला. बाजाराचा दिवस. आक्काच्या घरची बैलगाडी निघाली होती, गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. आक्का म्हणाली, "चल की गं. तुझ्याच नवऱ्याचा हाय. आमाला तरी दाव कोण कोण ते." मी गेले. तंबूत बायकांची बाजू दोरी लावून वेगळी केलेली. आम्ही खाली पोत्यांवर बसलो. आक्का माझ्या शेजारी.

घाटाचं चित्र आलं. पडद्यावर माझे हात केवढे मोठे दिसले. मला ते माझे वाटेनात. नंतर भरलेला नटीचा हंबरडा त्यांच्यावर ऐकू येत होता. चारी बाजूंनी बायका मुसमुसायला लागल्या. अंधारात आक्काने माझं मनगट घट्ट धरलं. तिला माहीत होतं ते हात कुणाचे, आणि तरी ती रडत होती. चित्र संपून शेत दिसायला लागलं तरी तिने मनगट सोडलं नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "लई लागलं व्हय गं तवा?"

"थोडं."

"त्यो तसाच पडून व्हता?"

"तसाच."

"बापये," आक्का म्हणाली.

मला वाटलं, आता संक्रांतीला ती बोलावेल. मी काळी चंद्रकळा धुऊन घडी करून ठेवली.

संक्रांतीला नेमके हे घरी होते. एक सिनेमा संपवून आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने दुसऱ्यासाठी जायचं होतं. दुपार कलली तेव्हा मी चंद्रकळा नेसून तयार झाले आणि बसले. गल्लीतून बायका जायला लागल्या. नवी लुगडी, हातात तबकं. हे कागद चाळत होते. बऱ्याच वेळाने यांनी मान वर केली.

"तू जात नाहीस?"

"बोलावणं नाही."

"सगळ्या तर चालल्यात."

"मला नसतं आता."

"का?"

मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत झालं. यांनी कागद बाजूला ठेवले. मग उठून तोंड धुतलं, स्वच्छ धोतर नेसले, कोट घातला, टोपी घातली.

"गाडीला वेळ आहे अजून," मी म्हटलं.

"जरा फिरून येतो."

मी खिडकीत उभी राहिले. हे गल्लीच्या मधोमध चालत देवळापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. मोठ्याने खाकरत होते. पारावर बसलेल्या आक्काच्या मालकांना विचारलं, "काय पाटील, थंडी काय म्हणतीय?" समोरून बायकांचा घोळका आला तर बाजूला होऊन, "काय वहिनी, बरं आहे ना सगळं?" बायकांनी पदर पुढे ओढले आणि भिंतीकडून निघून गेल्या. एक मागे वळून दुसरीला काहीतरी म्हणाली. मेलेल्या माणसाचं काम हे कसं निगुतीने करायचे. जिवंत माणसाचं यांना तितकं जमलं नाही. हात जास्तच हलत होते, आवाज थेटरातल्यासारखा लागत होता. बघताना माझे डोळे भरून आले.

हे घरात आले, टोपी काढली.

"बघितलं सगळ्यांनी," हे म्हणाले.

"हो. बघितलं."

"आता काय म्हणणं आहे त्यांचं?"

मी यांना तिळगूळ दिला. यांनी तो खाल्ला आणि ट्रंक उचलली. कोपऱ्यापर्यंत मी गेले. तिथून पुढे स्टेशनचा रस्ता.

परत येऊन दिवा लावला तेव्हा दारात आक्का उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याच्या पलीकडूनच हात लांब करून तिने माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

"घे. गोड बोल," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "गेला व्हय? धडधाकट हाय गं तुझा मालक. बरं वाटलं बघून."

"हो, आक्का."

तिचा दुसरा हात पदराखाली होता. पदराच्या काठाखालून कुंकवाच्या करंड्याची पितळी कड दिसत होती. मी तिकडे बघते आहे हे तिला कळलं. तिने पदर जरा पुढे ओढून घेतला.